उंबऱ्याबाहेरचं बोलणं

फोन आला तेव्हा मी चिऊचा डबा भरत होते. व्हॅन यायची वेळ झालेली, पोळी तव्यावर, आणि फोनवर नाव मालतीताईंचं, म्हणून मी तो खांद्यात धरला आणि हॅलो म्हणायच्या आधीच सुरू झाले की ताई, मांडवीच्या टेलरकाकांच्या स्कूटरचं रिन्युअल आहे ते मी करून येते, तुम्ही नका जाऊ उन्हात... पण बोलले ते नाना. नाना म्हणजे ताईंचे मिस्टर. ते म्हणाले, "रेखा, मालती गेली." आणि मी विचारलं, "कुठे गेल्या?"

खरंच विचारलं.  मला तसंच शिकवलेलं होतं. ताईंना तो शब्द चालायचाच नाही. कोणी सांगायला आलं की अमके गेले, तर ताई समोरच म्हणायच्या, गेले म्हणजे कुठे, डाकोरला का सुरतेला, कंपनीच्या कागदात 'गेले' लिहून चालत नाही हो. म्हणून माझ्या तोंडून आपोआप निघालं.  मग नानांच्या हातातून शेजारच्या बेननी फोन घेतला, त्या रडत रडत गुजरातीत सांगायला लागल्या, पहाटे छातीत दुखलं, पाणी मागितलं, गाडी येईपर्यंत सगळं झालेलं. मी ऐकत राहिले. पोळीचा कोळसा झाला. आमच्या ह्यांनी येऊन गॅस बंद केला.

आता महिना होऊन गेला. ताईंची भाची म्हणाली, तू त्यांच्याबरोबर होतीस, पुरवणीत छापतात, लिही. मी म्हटलं मला फक्त फॉर्म भरता येतात. फॉर्मला चौकोन असतात, एकात नाव, एकात वय, चुकलं तर कळतं. इथे नुसता कोरा कागद आहे... पण लिहिते.

ताईंचं ऑफिस सुभानपुऱ्यात, स्टेशनरीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. दोन टेबलं, एक कूलर, आणि बाहेर गुजरातीत पाटी की सगळ्या प्रकारचा विमा मिळेल. जीवनाचा, दवाखान्याचा, गाडीचा, दुकानाला आग लागली तर त्याचा. ताई म्हणायच्या, एकदा घरात शिरलो की त्या घरात जे जे मोडू शकतं त्या सगळ्याचं विचारून यायचं, गाडी, दुकान, हाडं, आणि शेवटी माणूस. त्यांच्या घरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बडोद्याचे, जुन्या राज्यात कारकून होते म्हणे, त्यामुळे ताईंचं मराठी एकदम स्वच्छ आणि गुजराती त्याहून स्वच्छ. गिऱ्हाईकं त्यांना मालतीबेन म्हणायची. मी ताई म्हणायचे.

त्या मला भेटल्या तरसालीत, आमच्याच सोसायटीत. शेजारच्यांच्या स्कूटरला कोणीतरी ठोकलं होतं, त्याचा फॉर्म कोणाला जमेना, तर मी भरून दिला होता. मी जळगावकडची, इथे लग्न होऊन आले, गुजराती अक्षरं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. तो फॉर्म घ्यायला ताई आल्या आणि दारातूनच मोठ्याने विचारलं, हे अक्षर कोणाचं?  मी म्हटलं, माझं, काही चुकलं का? त्या म्हणाल्या, "चुकलं नाही गं मेले, चांगलंय. उद्यापासून ऑफिसला ये. पोरीला पण आण."

मी घरी येऊन रडले. नोकरी मिळाली म्हणून नाही, त्या मला मेले म्हणाल्या म्हणून. हे हसायला लागले, म्हणाले माझी आत्या दिवसातून दहा वेळा म्हणते, लाडाचं असतं ते. मला काय माहीत नव्हतं का... पण आमच्या घरात तो शब्द बंद होता. का ते पुढे सांगते.

चिऊ तेव्हा दोन वर्षांची. ताईंनी टेबलाखाली चटई टाकली, तिथे ती झोपायची. मी फॉर्म भरायचे, कोणाची तारीख संपत आली ते वहीत लिहायचे, फोन करायचे. ते सगळं जमलं. मग एक दिवस ताई म्हणाल्या, नुसतं इथे बसून एजंट होत नाही, चल माझ्याबरोबर. आणि मला स्कूटरवर बसवून एका घरी घेऊन गेल्या. चांगलं घर होतं, मुलगा नोकरीला, सून, म्हातारी आई. चहा आला, नाश्ता आला. ताईंनी गाडीचं विचारलं, दवाखान्याचं विचारलं, आणि मग चिवडा खाता खाता मुलाला म्हणाल्या की समजा, तुम्ही मेलात.

असंच. सरळ. ती म्हातारी उठली, आत गेली, मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि आमच्यासमोर मुलावरून उतरवून टाकल्या. मग आम्हाला म्हणाली, चहा पिऊन घ्या, थंड होतोय. म्हणजे निघा. ताई खाली आल्या त्या हसत हसत. म्हणाल्या, मोहऱ्या चांगल्या बारीक होत्या, कुठून आणल्या विचारायला हवं होतं. मी हसले नाही.  ताईंनी बघितलं, उसाच्या रसवाल्यापाशी स्कूटर थांबवली, मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, बोल.

मग मी सांगितलं. कोणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनापण अर्धंच माहीत. मी नववीत होते. माझे वडील प्यायचे, रोज नाही पण प्यायचे. एक दिवस संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला आईचं आणि त्यांचं भांडण झालं आणि आई रागात म्हणून गेली की मेलात तर सुटेन मी एकदाची. आजी म्हणाली, दिवेलागणीला असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. त्याच महिन्यात वडील हायवेवर सायकलवरून घरी येताना गेले... ताईंना 'गेले' चालत नाही, पण मला अजून तसंच लिहिता येतं. घरात विम्याचा कागद नाही, कसलाच कागद नाही. माझी शाळा सुटली. दहावी नंतर बाहेरून दिली, दुसऱ्या वेळेला पास झाले. आणि आईने त्या दिवसापासून तो शब्द तोंडातून काढला नाही, भाजी मेली असंपण म्हणत नाही. मी ताईंना म्हटलं, मला हे काम जमणार नाही. मी कोणाच्या घरात बसून असं बोलले आणि त्या घराने ऐकलं तर?

मला वाटलं त्या म्हणतील, खुळी आहेस, असं काही नसतं. सगळे तसंच म्हणतात. ताईंनी रसाचा ग्लास खाली ठेवला आणि विचार करायला लागल्या, खरंच, एखादा क्लेम अडकल्यावर करायच्या तशा. मग म्हणाल्या, "वास्तू ऐकते ना? मग वास्तूला ऐकू द्यायचंच नाही. ते बोलणं उंबऱ्याबाहेर करायचं."

तिथून ते सुरू झालं. घरात बसून सगळं विचारायचं, पण ती ओळ आली की फॉर्म घेऊन उठायचं आणि म्हणायचं, "चंपल पहेरो ने, जरा बहार आवो." ओट्यावर उभं राहायचं, चपला पायात, दार ओढून घेतलेलं. तिथे सरळ सांगायचं, तुम्ही मेल्यावर हे होईल, हे होणार नाही, कोणाला मिळेल त्याचं नाव बोला. 'काही झालं तर' नाही म्हणायचं. काही म्हणजे काय, ताप? मग आत येऊन पाणी प्यायचं आणि पुढचा चौकोन. मला वाटलं लोक वेडे म्हणतील. उलट लोकांना बरं वाटायचं. जी माणसं घरात मान वर करत नव्हती ती ओट्यावर मोकळं बोलायची, बायकोला ऐकू जाऊ नये असं काय काय सांगायची. फ्लॅटमध्ये असलं की जिन्यात जायचो. दुकानात फूटपाथवर. मांडवीत एकदा इतके हॉर्न वाजत होते की ताई ओरडून म्हणाल्या, तमे मरी जाओ पछी, आणि रस्त्यातली चार माणसं थांबून बघायला लागली. ती मोहऱ्यावाली आजीपण वर्षभराने मुलाला घेऊन स्वतः ऑफिसात आली, म्हणाली, इथे बोला, हे काय माझं घर नाही.

मी परीक्षा दिली, पास झाले, एजंट झाले. पण भीती गेली नाही. ओट्यावर गेले तरी ती ओळ मी भराभरा म्हणायचे, गाडी पकडायची असल्यासारखी. आणि त्याच घाईत माझ्या हातून ते झालं.

मांडवीचे टेलरकाका. त्यांच्या घरच्या दवाखान्याच्या विम्याचा फॉर्म होता. मी एकटी गेले होते. त्यांच्या बायकोला विचारलं की काकांना काही आजार? त्या म्हणाल्या, "ना ना, एमने कोई वार ताण आवे, बीजुं कंई नथी." मी मनात म्हटलं, ताण कोणाला येत नाही, दुकान आहे, दोन पोरींची लग्नं आहेत. आजाराच्या चौकोनात नाही लिहिलं, सही घेतली, आल्या आल्या फॉर्म कंपनीला पाठवूनपण दिला. ताईंची एक सवय होती, कोणी काय उत्तर दिलं ते त्या माणसाच्या शब्दांत परत विचारायच्या. जेवताना त्यांनी विचारलं, ती बाई काय म्हणाली, तिच्या शब्दांत सांग. मी सांगितलं, काही नाही, थोडा ताण येतो म्हणाल्या.

ताईंचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, "ताण मराठीत आला की गुजरातीत?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. गुजरातीत ताण येणं म्हणजे फिट येणं. टेन्शन नाही, आकडी. माणूस पडतो, तोंडाला फेस येतो. आणि मी नाही लिहून टाकलं होतं. म्हणजे उद्या काका दुकानात पडले, दवाखान्यात नेलं, की कंपनी कागद काढणार आणि म्हणणार तुम्ही लपवलं. त्या बाईने लपवलं नव्हतं. ती मला तोंडावर सांगत होती आणि मी माझ्या भाषेत ऐकत होते.

मला वाटलं नोकरी गेली. मी म्हटलं ताई, कंपनीने अजून पाहिलं नसेल, राहू दे ना, कोणाला कळणार आहे... हे मी म्हटलं, लपवत नाही. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी डबा बंद केला, कंपनीला फोन करून फॉर्म थांबवला, आणि आम्ही तशाच भर दुपारी मांडवीला गेलो. काकांना दुकानाबाहेर बोलावलं. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, सांग. मीच सांगितलं, माझ्या मोडक्या गुजरातीत, की मी चुकीचं लिहिलं, खरं लिहावं लागेल, आणि खरं लिहिल्यावर कंपनी कदाचित ना म्हणेल. काका चिडले. म्हणाले, गेल्या वर्षी दुसरा एजंट तर नाही लिहून द्यायला तयार होता, तुम्हालाच कसली हौस? ताई एवढंच म्हणाल्या की तो एजंट दवाखान्यात तुमच्याबरोबर येणार आहे का ते त्याला विचारा, मी येणार आहे म्हणून खरं लिहिते.

कंपनीने बायकोला आणि मुलींना घेतलं, काकांना ना पाडली. काका तीन महिने आमच्याशी बोलले नाहीत. मग स्कूटरची तारीख आली तेव्हा स्वतःच कागद घेऊन आले. आणि परत येताना त्या दिवशी स्कूटरवर ताई मला काय म्हणाल्या तर, मेले, तुला बोलायची इतकी भीती वाटते की तुला ऐकूच येत नाही.

एक फॉर्म मात्र राहिला. आमच्या ह्यांचा. हे मकरपुऱ्याला कारखान्यात वेल्डिंग करतात, उंचावर चढतात, कधी सायरन झाला की मी हातातलं काम सोडून गेटकडे बघत बसते. ताईंनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, पहिली पॉलिसी आपल्या घरची. मी हो म्हटलं. मग दर महिन्याला त्या विचारायच्या, आपला फॉर्म? आणि मी म्हणायचे, चिऊला ताप होता, ह्यांची शिफ्ट बदलली, आधारकार्ड सापडत नाही. दुसऱ्यांच्या ओट्यावर मी ते बोलत होते, पण माझ्या ओट्यावर माझ्या माणसाला तो शब्द कसा म्हणू? आईसारखं व्हायचं. ताईंना सगळं कळायचं. त्या जोर करायच्या नाहीत, पण सोडायच्यापण नाहीत.

शेवटच्या भेटीतपण तेच. गौरी येऊन गेल्या होत्या, ताईंनी मला घरापर्यंत सोडलं. मी म्हटलं आत या, करंज्या आहेत. त्या म्हणाल्या नको, नाना वाट बघतायत, आणि स्कूटर चालू ठेवूनच विचारलं, आपला फॉर्म? मी म्हटलं, दिवाळीनंतर नक्की. त्या म्हणाल्या, "कुठल्या दिवाळीनंतर, ते लिहून दे." आणि हसल्या, चिऊला हात केला, वळल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी नानांचा फोन.

बेसणं, म्हणजे इथली शोकसभा, होतं त्या दिवशी खूप माणसं आली. टेलरकाका आले, कोपऱ्यात बसले, जाताना मला म्हणाले की सगळे हो म्हणतात, मला तोंडावर ना म्हणणारी ही एकच बाई होती. त्यांचे डोळे लाल झाले होते. मोहऱ्यावाली आजीपण आली होती.

मग सगळे गेले आणि कागद राहिले. ताईंचा स्वतःचा विमा होता, त्यावर नानांचं नाव. क्लेमचा फॉर्म भरायला मीच जाणार, दुसरं कोण. नाना हॉलमध्ये हिंचक्यावर बसलेले असायचे, हिंचका हलत नसायचा. मी म्हणायचे नाना, एक सही पाहिजे. ते म्हणायचे, ठेव तिथे. मी ठेवायचे. पुढच्या वेळेला फॉर्म तिथेच, त्यावर चष्मा. पुढच्या वेळेला पेपरखाली. चार वेळा गेले. मला त्यांना काही विचारवत नव्हतं. फॉर्ममध्ये विचारलेलं असतं ना, कोण, कधी, कशाने... आणि आम्ही दोघं त्यांच्याच घरात, त्यांच्याच पितळेच्या भांड्यांसमोर बसलेले. मी म्हणाले, नाना, ते, ताईंचं जे झालं, त्याचं... आणि मलाच पुढे बोलता येईना. मीच 'जे झालं' म्हणत होते. ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, काय झालं, ताप?

 नाना हिंचक्यावरून उठले, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "माझी चप्पल कुठे आहे गं?" मी दाखवली. त्यांनी चप्पल घातली, बाहेर ओट्यावर गेले. ताईंची स्कूटर तिथेच उभी होती, सीटवर धूळ. मी फॉर्म घेऊन गेले आणि दार ओढून घेतलं. नाना कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "लिही. मालती मेली." मग म्हणाले, "साऱ्या गावाला मेले मेल्या म्हणायची..." मी लिहिलं. तारीख लिहिली, कारण लिहिलं, त्यांनी सही केली, सही अगदी सरळ आली. आम्ही आत आलो. मी त्यांना पाणी दिलं. ते हिंचक्यावर बसले आणि पायाने थोडा झोका घेतला.

मी तिथून घरी आले ती रिक्षात सगळा वेळ तेच डोक्यात. त्यांना म्हणता आलं. चाळीस वर्षांचा संसार, आणि होऊन गेल्यावर म्हणता आलं. आणि मी व्हायच्या आधी म्हणत नाहीये, जेव्हा म्हटल्याचा काही उपयोग आहे.

रविवारी सकाळी हे पेपर वाचत बसले होते. मी पर्समधून कोरा फॉर्म काढला. तो तीन वर्षं पर्समध्येच होता, घडीवर फाटत आला होता. मी चप्पल घातली आणि म्हटलं, "अहो, जरा बाहेर या. चप्पल घालून या." हे म्हणाले, "कुठे जायचंय?" मी म्हटलं, कुठेच नाही, इथेच. चिऊपण सँडल शोधायला लागली, तिला मी आत थांब म्हटलं, दोनच मिनिटं, आणि दार ओढून घेतलं. ह्यांनी माझ्या हातातला फॉर्म बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता ओट्याच्या कडेला उभे राहिले.

 समोरच्या बेन वाळवण घालत होत्या, दूध घेऊन कोणीतरी चाललं होतं. मी तो शब्द म्हटला. भराभरा नाही. ह्यांच्याकडे बघून, त्यांचं नाव घेऊन, पूर्ण वाक्य. ह्यांनी ऐकून घेतलं, मग कोणाचं नाव घालायचं ते सांगितलं, मग म्हणाले, तुझापण एक काढ, नाहीतर मी एकटाच काय मरतोय. मी हसले की रडले ते माहीत नाही. आत आलो, दोघं पाणी प्यायलो, चिऊलापण दिलं. सगळे चौकोन भरले. शेवटचा तारखेचा होता. दिवाळीला आठ दिवस होते. मी त्या दिवशीचीच तारीख लिहिली.